अमेरिकेत अपस्मारासाठी डिसॅबिलिटी बेनिफिट्स: नियम काय मोजतात आणि वकील नेमकं काय करतो

अपस्मारामुळे नोकरी करणं अशक्य झालं, तर अमेरिकेत सोशल सिक्युरिटी विभागाकडे डिसॅबिलिटी बेनिफिट्ससाठी अर्ज करता येतो, हे बहुतेकांनी ऐकलेलं असतं. पहिल्या टप्प्यावर तीनपैकी साधारण दोन अर्ज नाकारले जातात, हे मात्र नकाराचं पत्र हातात पडल्यावर कळतं. मग घरात त्या पत्राचा अर्थ 'सरकारला आपला आजार खरा वाटत नाही' असा लावला जातो आणि विषय बंद होतो. माझं कळकळीचं सांगणं आहे की तो तिथे बंद करू नका. आजार पुरेसा गंभीर असूनही अर्ज फेटाळला जातो, कारण निर्णय घेणारा माणूस रुग्णाला बघत नाही, त्याची फाइल बघतो. आणि अपस्माराची फाइल नीट तयार झालेली क्वचितच असते.

याचं कारण आजाराच्या स्वभावातच आहे. दोन फिट्सच्या मधल्या काळात माणूस इतरांसारखाच दिसतो. एमआरआय स्वच्छ येऊ शकतो. ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विद्युत लहरींचा आलेख, काढला त्या अर्ध्या तासात मेंदूत काही घडलं नाही तर तोही नॉर्मल येतो. पाय मोडला तर एक्स-रे दाखवता येतो, इथे तसं काही हातात नसतं. त्यात आपल्या घरांमध्ये फिट येते हे लपवण्याकडे कल असतो. डॉक्टरांनी "कसं काय?" विचारलं की आपण संकोचून "ठीक आहे, आता बरं आहे" म्हणतो. डॉक्टर तेच शब्द नोंदवतात, आणि वर्षभरानंतर तेच वाक्य नकारपत्रात वाचायला मिळतं.

योजना दोन आहेत

पहिली एसएसडीआय (सोशल सिक्युरिटी डिसॅबिलिटी इन्शुरन्स). हा पगारातून कापल्या गेलेल्या सोशल सिक्युरिटी कराच्या बदल्यात मिळणारा विमा आहे, त्यामुळे तो मागताना लाज वाटण्याचं काही कारण नाही. पात्रतेसाठी 'वर्क क्रेडिट्स' लागतात. वर्षाला जास्तीत जास्त चार जमा होतात. २०२५ साली एका क्रेडिटसाठी १,८१० डॉलर कमाई लागत होती. साधारणपणे ४० क्रेडिट्स हवीत आणि त्यांतली २० शेवटच्या दहा वर्षांतली हवीत. वय कमी असेल तर कमी चालतात. नोकरी सुटल्यावर हे विमासंरक्षण कायम राहत नाही, सलग नोकरी केलेल्या माणसाच्या बाबतीत ते साधारण पाच वर्षांनी संपतं. त्या तारखेच्या आधी आपण काम करण्यास असमर्थ झालो होतो हे दाखवावं लागतं. फिट्स वाढल्या म्हणून नोकरी सोडली, 'बघू पुढे' म्हणत सहा वर्षं गेली, मग अर्ज केला आणि त्या तारखेआधीच्या असमर्थतेची नोंदच फाइलमध्ये नाही, अशा प्रकरणात वकीलही फारसं काही करू शकत नाही.

दुसरी एसएसआय (सप्लिमेंटल सिक्युरिटी इन्कम). तिला क्रेडिट्स लागत नाहीत, पण ती गरजूंसाठी आहे. बँकेतली शिल्लक आणि इतर मालमत्ता एकट्यासाठी २,००० डॉलर आणि जोडप्यासाठी ३,००० डॉलरच्या आत हवी. राहतं घर आणि एक गाडी यात धरत नाहीत. केंद्र सरकारची कमाल रक्कम २०२५ साली एकट्यासाठी महिन्याला ९६७ डॉलर होती.

भारतातून आलेल्यांनी काही गोष्टी आधीच जाणून घ्याव्यात. भारतात केलेल्या नोकरीची वर्षं इथे क्रेडिट म्हणून धरली जात नाहीत, कारण दोन्ही देशांमध्ये तसा करार नाही. विद्यार्थी व्हिसावर ओपीटीच्या, म्हणजे शिक्षणाला जोडून मिळणाऱ्या तात्पुरत्या नोकरीच्या, काळात सहसा सोशल सिक्युरिटी कर कापलाच जात नाही, म्हणून ती वर्षंही खात्यात दिसत नाहीत. एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर काम करणाऱ्याच्या पगारातून कर कापला जातो, त्याची क्रेडिट्स जमा होतात. पण पैसे मिळायला देशात कायदेशीर वास्तव्य लागतं, आणि नोकरी गेली की एच-१बीचा पायाच डळमळतो. अशा माणसाने नोकरी सोडण्याआधी इमिग्रेशनच्या वकिलाशीही बोलायला हवं. एका वकिलाच्या सल्ल्यावर दोन्ही निर्णय घेऊ नयेत. आणि ग्रीन कार्डवर नुकत्याच आलेल्या आईवडिलांना एसएसआय सहज मिळेल, ही समजूत चुकीची आहे. परदेशी नागरिकांसाठी त्या योजनेच्या अटी फार कडक आहेत.

कायदा फिट्स कशा मोजतो

सोशल सिक्युरिटीची व्याख्या कडक आहे. आजारामुळे कोणतंही लक्षणीय कमाईचं काम करता येत नाही, आणि ही स्थिती किमान १२ महिने टिकली आहे किंवा टिकेल, असं दिसायला हवं. 'लक्षणीय कमाई'ची रेघ २०२५ साली महिन्याला १,६२० डॉलर होती. ती दर जानेवारीत बदलते. अर्धवट डिसॅबिलिटी हा प्रकार इथे नाही.

विभागाकडे आजारांची एक यादी आहे. तिच्यात ११.०२ या क्रमांकाखाली अपस्मार येतो, आणि सध्याची रचना सप्टेंबर २०१६ पासून लागू आहे. यातल्या चार वाटांपैकी एकीत बसलात तर वय, शिक्षण, जुना अनुभव यांचा प्रश्न येत नाही.

अंग ताठ होऊन झटके येतात आणि शुद्ध जाते अशी मोठी फिट महिन्यातून किमान एकदा, सलग तीन महिने येत असेल, तर ती पहिली वाट. भान हरपणारी फिट, म्हणजे माणूस पडत नाही, पण टक लावून बघत राहतो, ओठ चाळवतो, हाताशी काहीतरी करत राहतो आणि नंतर त्याला काही आठवत नाही, अशी आठवड्यातून किमान एकदा, सलग तीन महिने येत असेल, तर ती दुसरी. पुढच्या दोन वाटांमध्ये फिट्सची संख्या कमी चालते: मोठी फिट दोन महिन्यांतून एकदा, सलग चार महिने, किंवा भान हरपणारी फिट दोन आठवड्यांतून एकदा, सलग तीन महिने. पण त्यांच्याबरोबर शारीरिक हालचाल, समजणं आणि लक्षात ठेवणं, लोकांशी वागणं, एकाग्रता आणि कामाचा वेग, किंवा स्वतःला सांभाळणं यांपैकी एका बाबतीत गंभीर मर्यादा दाखवावी लागते.

चारही वाटांना एक अट समान आहे: दिलेलं औषध नियमित घेत असूनही फिट्स यायला हव्यात. मोजणी उपचार सुरू झाल्यानंतर किमान एक महिना उलटल्यावर सुरू होते. औषध चुकवलेल्या काळातल्या फिट्स धरत नाहीत, चुकवण्यामागे सबळ कारण असेल तर गोष्ट वेगळी. औषध परवडत नाही आणि मोफत किंवा स्वस्तात मिळवण्याचा मार्गही सापडला नाही, हे सबळ कारण ठरू शकतं. पण ते डॉक्टरांच्या नोंदीत लिहिलेलं हवं. 'रुग्ण औषध घेत नाही' एवढंच लिहिलं गेलं तर ते तुमच्या विरोधात जातं. 'विमा संपल्याने तीन आठवडे औषध घेता आलं नाही' असं लिहिलं गेलं तर वाद घालायला जागा राहते. नोंद करताना हे डॉक्टरांना सांगणं आपलं काम आहे.

मोजणीचे आणखी काही नियम घरच्यांना ठाऊक नसतात. चोवीस तासांत कितीही फिट्स आल्या तरी त्या एकच धरतात. एकामागून एक येऊन न थांबणारी, आयसीयूत न्यावं लागणारी फिटही एकच. त्यामुळे 'त्या दिवशी सहा आल्या' यापेक्षा 'या तीन महिन्यांत अमुक अमुक तारखांना आल्या' हे कायद्याच्या नजरेत मोलाचं. मानसिक ताणातून येणारे, फिटसारखे दिसणारे झटके इथे धरत नाहीत. त्यांचा विचार मानसिक आजारांच्या यादीखाली होतो. डॉक्टरांनी दोन्ही असल्याचा संशय लिहिला असेल तर अर्जात दोन्ही मांडावेत.

फिटचं प्रत्यक्ष पाहणाऱ्याने केलेलं सविस्तर वर्णन किमान एक तरी लागतंच, शक्यतो वैद्यकीय क्षेत्रातल्या माणसाचं. फिट्स दोन प्रकारच्या असतील तर दोन्हींचं. ईईजीचा रिपोर्ट मात्र बंधनकारक नाही. असेल तर विचारात घेतात. म्हणून 'ईईजी नॉर्मल आहे, मग काय उपयोग' असं समजून गप्प बसू नये. घरच्यांनी फोनवर घेतलेला व्हिडिओ न्यूरॉलॉजिस्टला दाखवावा आणि त्यात काय दिसलं ते फाइलमध्ये लिहायला सांगावं.

यादीत बसत नसाल तर

बहुतेक प्रकरणं इथेच येतात, आणि वकिलाचा खरा उपयोगही इथेच होतो. यादीत न बसणाऱ्या माणसाचा अर्ज संपत नाही. विभाग पुढे विचारतो: या माणसाला काय काय करणं अजून जमतं, त्यात त्याचं पूर्वीचं काम बसतं का, आणि नसेल तर देशात त्याला जमण्यासारखं दुसरं काही काम आहे का?

अपस्मार म्हटलं की फाइलमध्ये ठरलेल्या मर्यादा लिहिल्या जातात: उंचावर काम नको, धोकादायक यंत्राजवळ नको, गाडी चालवणं नको. एवढंच लिहिलं असेल तर उत्तर तयार असतं, टेबलावर बसून करायची कामं आहेत की! प्रोग्रॅमर, अकाउंटंट, ऑफिसात काम करणाऱ्या माणसाच्या बाबतीत तर हे फार सहज घडतं.

न लिहिलेला भाग मोठा असतो. फिट दोन मिनिटांची, पण तिच्यानंतर माणूस कितीतरी तास झोपून असतो. दुसऱ्या दिवशी शब्द सापडत नाहीत, डोकं जड असतं, काल काय वाचलं ते आठवत नाही. रात्री झोपेत फिट आली की सकाळच्या मीटिंगला तो हजर असूनही नसल्यासारखा. औषधांचंही ओझं असतं: लेव्हेटिरॅसिटॅमने काहींची चिडचिड वाढते, टोपिरामेटने नेमका शब्द आठवेनासा होतो, बऱ्याच औषधांनी गुंगी येते. हे सगळं नियमांनुसार विचारात घ्यायचंच असतं, पण फाइलमध्ये असेल तर.

नकाराविरुद्ध अपील करत गेलं की न्यायाधीशासमोर सुनावणी होते. तिथे एक व्यवसायतज्ज्ञ असतो. न्यायाधीश त्याला काल्पनिक माणसाचं वर्णन करून विचारतात, असा माणूस कोणतं काम करू शकेल? मग वकिलाला प्रश्न विचारता येतात. चांगला वकील एवढंच विचारतो: हा माणूस महिन्यातून दोन-तीन दिवस आधी न कळवता गैरहजर राहिला तर? कामाच्या वेळेतला ठरावीक भाग त्याचं लक्षच नसेल तर? फिटनंतर त्याला दिवसातून मध्येच आडवं व्हावं लागलं तर? अशा मर्यादा धरल्या की तज्ज्ञाला बरेचदा मान्य करावं लागतं की असा माणूस नोकरीत टिकणार नाही. पण त्या मर्यादांना आधार देणारं न्यूरॉलॉजिस्टचं पत्र आधीच फाइलमध्ये असायला हवं. 'माझा रुग्ण काम करू शकत नाही' या एका वाक्याला तिथे जवळपास किंमत नसते, कारण तो निर्णय विभागाचा असतो. फिटचा प्रकार, वारंवारता, पूर्वपदावर यायला लागणारा वेळ, औषधांचे परिणाम, महिन्याला किती दिवस वाया जातील याचा अंदाज, असं मुद्देसूद पत्र हवं. वकील यासाठी डॉक्टरांना छापील प्रश्नावली पाठवतात. माझ्या मते, वकिलाच्या सगळ्या कामात हेच सर्वात मोलाचं.

विसंगती मात्र जीवघेणी ठरते. अर्जात 'महिन्याला मोठी फिट येते' आणि फाइलमध्ये 'रुग्ण स्वतः गाडी चालवत आला' असं असलं तर न्यायाधीश त्यावर बोट ठेवणारच. कॅलिफोर्निया, न्यू जर्सी, पेन्सिल्व्हेनिया अशा मोजक्या राज्यांत डॉक्टरांना अशा रुग्णाची माहिती सरकारला कळवावीच लागते. गाडी चालवण्याचा परवाना थांबवल्याचं पत्र घरात शरमेने दडवलं जातं, खरं तर ते आपल्या बाजूचा पुरावा आहे.

वकील कधी, कुठे आणि किती पैशांत

वकील म्हटलं की तासाला शेकडो डॉलर, ही भीती इथे लागू पडत नाही. सोशल सिक्युरिटीच्या प्रकरणात मेहनताना कायद्याने बांधलेला आहे. प्रकरण जिंकलं तरच पैसे, आणि तेही थकबाकीच्या (मंजुरीआधीच्या महिन्यांच्या एकरकमी मिळणाऱ्या पैशांच्या) २५ टक्के किंवा ठरलेली कमाल मर्यादा, यांत जे कमी असेल तेवढेच. नोव्हेंबर २०२४ च्या अखेरीस ही मर्यादा ९,२०० डॉलर झाली. थकबाकी २०,००० डॉलर मिळाली तर वकिलाचे ५,०००. थकबाकी ६०,००० असेल तर पंचवीस टक्क्यांनी १५,००० होतील, पण त्या मर्यादेमुळे त्याला ९,२००च मिळतील. विभाग ही रक्कम कापून परस्पर वकिलाला देतो. पुढच्या मासिक रकमेत त्याचा वाटा नसतो. कागदपत्रांच्या प्रतींचा वगैरे खर्च वेगळा असू शकतो, तो करारात आधीच लिहून घ्या. सुरुवातीलाच रोख रक्कम मागणाऱ्यापासून सावध राहा. प्रकरण पुढे फेडरल कोर्टात गेलं तर फीचे नियम वेगळे असतात.

प्रतिनिधी वकीलच असावा असं नाही. विभागाच्या नियमांत बसणारे, वकील नसलेले प्रतिनिधीही चालतात आणि त्यांतले काही उत्तम काम करतात. मी मात्र निवड करताना एकच प्रश्न आवर्जून विचारायला सांगेन: तुम्ही अपस्माराची प्रकरणं लढवली आहेत का, आणि न्यूरॉलॉजिस्टकडून मत कसं मिळवता? या प्रश्नाला गुळमुळीत उत्तर आलं तर पुढचं दार ठोठवावं. उत्पन्न कमी असेल तर लीगल एड संस्था मोफत मदत करतात. त्यांतल्या अनेकांना लीगल सर्व्हिसेस कॉर्पोरेशनमार्फत केंद्राचा निधी मिळतो. लॉ स्कूलच्या क्लिनिकमध्ये प्राध्यापकांच्या देखरेखीखाली विद्यार्थी अशी प्रकरणं हाताळतात. एपिलेप्सी फाउंडेशनच्या स्थानिक शाखाही मार्ग दाखवतात. इंग्रजीत अडखळत असाल तर सोशल सिक्युरिटीकडून दुभाषा मोफत मागता येतो. घरातल्या शाळकरी मुलाला दुभाष्या बनवू नका. त्याच्यासमोर आई किंवा बाबा खरं किती वाईट आहे ते सांगणारच नाहीत.

कधी जावं? पहिला अर्ज स्वतः भरता येतो, पण क्रेडिट्सची मुदत संपत आली असेल, एकापेक्षा जास्त आजार असतील किंवा व्हिसाचा प्रश्न असेल तर अर्जाआधीच जा. नकार आल्यावर तर नक्कीच.

नकारानंतरची घड्याळं

पत्र मिळाल्यापासून ६० दिवसांत अपील करावं लागतं. पत्र त्यावरच्या तारखेनंतर पाच दिवसांनी पोहोचलं असं धरतात. पायऱ्या चार: आधी फेरविचार, मग प्रशासकीय न्यायाधीशासमोर सुनावणी, मग अपील्स कौन्सिल, आणि शेवटी फेडरल जिल्हा न्यायालय. प्रत्येक पायरीला तीच ६० दिवसांची मुदत. फेरविचारात निकाल क्वचित फिरतो, म्हणून लोक वैतागून तिथे थांबतात. सुनावणीपर्यंत जाणं महत्त्वाचं, कारण तिथे पहिल्यांदा कोणीतरी तुमचं बोलणं समोरासमोर, व्हिडिओवर किंवा फोनवर ऐकून घेतं. सुनावणीची सूचना किमान ७५ दिवस आधी येते, आणि पुरावा किमान पाच कामकाजाचे दिवस आधी द्यावा किंवा तो येणार असल्याचं लेखी कळवावं लागतं.

अपील न करता नवा अर्ज भरला तर जुन्या अर्जाची तारीख हातची जाते आणि तिच्याबरोबर थकबाकीही. एसएसडीआयमध्ये असमर्थ झाल्यापासूनचे पहिले पाच पूर्ण महिने पैसे मिळत नाहीत. अर्जाच्या आधीचा काळ जास्तीत जास्त १२ महिने धरतात. मेडिकेअर, म्हणजे सरकारी आरोग्य विमा, एसएसडीआयचे पैसे सुरू झाल्यावर २४ महिन्यांनी मिळतो. मधल्या काळात महागड्या औषधांचं काय करायचं, हेही वकिलाला आणि डॉक्टरांना पहिल्याच भेटीत विचारा.

नोकरीतल्या विम्याबद्दल

आयटी आणि इतर मोठ्या कंपन्यांतल्या अनेकांना मालकाकडून 'लाँग टर्म डिसॅबिलिटी' विमा असतो आणि तो आहे हेच ठाऊक नसतं. राजीनामा दिला तर त्यावरचा हक्क जाऊ शकतो, म्हणून राजीनाम्याआधी पॉलिसी वाचून घ्या. असे बहुतेक विमे १९७४ च्या एरिसा या, मालकाकडून मिळणाऱ्या लाभांबद्दलच्या केंद्रीय कायद्याखाली येतात. विमा कंपनीने नाकारलं तर अपीलला १८० दिवस मिळतात. त्या अपीलमध्ये जो पुरावा जोडला नाही तो पुढे कोर्टात सहसा जोडता येत नाही, म्हणून या अपीलआधी एरिसा जाणणारा वकील गाठायलाच हवा. सोशल सिक्युरिटीचा वकील आणि एरिसाचा वकील ही वेगळी कौशल्यं आहेत. विमा कंपनी कधी कधी स्वतःच्या खर्चाने तुम्हाला एसएसडीआयसाठी प्रतिनिधी देऊ करते. एसएसडीआय मिळालं की कंपनी तेवढी रक्कम तुम्हाला देत असलेल्या मासिक रकमेतून वजा करते, म्हणून हे तिच्याही फायद्याचं असतं. घेऊ नये असं नाही. पण दोघांचे हितसंबंध दर ठिकाणी जुळतीलच असं धरू नका.

मंजुरीनंतर

बेनिफिट्स मंजूर झाल्यावर विभाग अधूनमधून फेरतपासणी करतो. सुधारणा शक्य वाटत असेल तर साधारण तीन वर्षांनी, शक्यता कमी वाटली तर सात वर्षांनी. म्हणून फिट्सची डायरी तेव्हाही चालू ठेवा: तारीख, वेळ, प्रकार, किती वेळ चालली, कोणी पाहिली, पूर्ण भानावर यायला किती वेळ लागला, त्या दिवशीचं औषध घेतलं होतं का. दर भेटीत तिची प्रत न्यूरॉलॉजिस्टच्या फाइलला जोडून घ्या. प्रकृती सुधारली या कारणावरून बेनिफिट्स थांबवल्याचं पत्र आलं, तर ते मिळाल्यापासून दहा दिवसांत लेखी मागणी केल्यास अपील चालू असेपर्यंत पैसे चालू राहू शकतात. अपील हरलात तर त्या काळातली रक्कम परत मागितली जाऊ शकते, त्यामुळे ही मागणी करण्याआधी त्याच दिवशी वकिलाला फोन करा.